नका की नकोस

बटणांचा डबा खुळखुळला.

भर दुपारी घर इतकं गप्प होतं की मी दचकलेच. फोन मी त्या डब्यातच ठेवते. तो थरथरला की बटणं वाजतात आणि शिलाई मशीनच्या आवाजातही मला कळतं. पण आता मशीनचा आवाज कुठला? मोटार जळल्यापासून घरात नुसती शांतता होती आणि त्या शांततेत आमची लेक झोपायलाच तयार नसायची. तिला आम्ही बटण म्हणतो. जन्मल्यापासून ती मशीनच्या घरघरीवर झोपलेली. आज मीच तोंडानं घर्रर्र करत तिला कशीबशी मांडीवर झोपवली होती.

हात लांबवून फोन घेतला. घड्याळकाकांकडून पैसे आले होते. थोडेथोडके नाहीत, चांगले घसघशीत. खाली लिहिलं होतं, 'ताई, परत पाठवू नकोस. ठेव.'

कोपऱ्यावरच्या जिन्याखाली काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या कोटाचं अस्तर मी नुकतंच बदलून दिलं होतं. त्याचे पैसे त्यांनी तेव्हाच हातावर ठेवले होते आणि तेव्हाच मी मोटारीचं बोलून गेले होते. शाळेच्या गणवेशांचा अख्खा गठ्ठा पडून आहे, आठवड्याच्या आत दिला नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असंही. ते नुसतं "अरे अरे" म्हणाले होते.

आणि आज हे. माझे डोळे भरून आले. बटण हलू नये म्हणून मी हुंदका न देता रडले आणि तशीच मोटारवाल्याला कुजबुजत फोन केला. "उद्या दुपारी नवीन मोटार घेऊन या."

संध्याकाळी नवरा आला. दिवसभर सामानाची गाडी चालवून त्याच्या पाठीचं पार लाकूड झालेलं असतं. पण फोन बघून तो ताठ उभा राहिला.

"देवमाणूस आहे की हा! आणि आपण त्याला चिक्कू म्हणायचो."

"तू म्हणायचास."

"बरं, मी म्हणायचो. मग तोंड का पाडलंयस?"

तोवर मी 'नकोस' आणि 'ठेव' हे दोन शब्द इतक्यांदा वाचले होते की आनंद विरून काहीतरी टोचायला लागलं होतं. "काका मला अहो-जाहो करतात रे. 'ताई, बसा. ताई, बाही जरा सैल ठेवा.' कधी चुकूनही अगं म्हणत नाहीत. मग 'नकोस' कसं लिहितील?"

"म्हातारा माणूस. 'ठेवा'चा काना राहिला असेल."

"काना राहील, कबूल. पण 'नका'चं 'नकोस' करायला जास्तीचं अक्षर लिहावं लागतं. बोट काय इतकं घसरतं?"

तो हसला. मग त्यानं बंद मशीनकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "तुला कुणी तू म्हटलं म्हणून तू पैसे परत करणार?"

"मी काहीच करत नाहीये. विचारून येते फक्त."

"विचारलंस की गेले," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्यानं बटणला खांद्यावर घेतलं आणि खोलीभर घर्रर्र करत फिरत राहिला. गाडी चालवणारा असल्यामुळे त्याला ते माझ्यापेक्षा छान जमतं.

सकाळी मी बटणला घेऊन दुकानात गेले. काका डोळ्याला भिंग लावून बसले होते. आम्हाला बघताच भिंग काढलं. इतकं खुललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"या ताई, या! आज तुम्हाला चहा पाजणार. नाही म्हणायचं नाही."

बटण भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत होती. "काका, सगळी वेगवेगळं सांगतायत. खरं कुठलं?"

"ती सगळी आजारी आहेत गं. खरं हे," त्यांनी मनगट दाखवलं. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "सांगू का, माझी मोठी बहीण आहे. आईचं घर विकलं तेव्हा आमचं वाजलं. जीभ माझीच सुटली होती. ताईनं तिचा वाटा घेतला नाही, बोलणंही टाकलं. मी दर महिन्याला त्यातला एक हप्ता पाठवतो आणि ती दिवस मावळायच्या आत परत करते. एक शब्द लिहीत नाही. पण काल..." त्यांनी बाहेर चहाची खूण केली. "काल परत आले नाहीत, ताई. ठेवून घेतले तिनं."

चहा आला. मी कप नुसताच हातात धरला. घरून येताना मला वाटत होतं, फार तर मोटार जाईल. या माणसाचं हसू माझ्या फोनमध्ये अडकलेलं असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. गप्प बसले तर मोटारही माझी आणि हसूही त्यांचं. कुणाचं काय बिघडणार होतं? मी कप खाली ठेवून उठलेसुद्धा.

मग मनात आलं, तिकडे त्या बाईंना काय वाटत असेल? भावानं हात आखडला? पाठवणंच बंद केलं?

"काका," मी फोन त्यांच्यासमोर धरला, "ती ताई मी आहे."

त्यांना कळेना. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाचं यंत्र बघावं तसे फोनवर वाकले. एकाखाली एक दोन नावं होती. ताई आणि ताई.

"दोन्ही ताईच," ते म्हणाले आणि बराच वेळ भिंग काढलंच नाही.

"फोन करा त्यांना."

"उचलणार नाही."

"करा तरी."

पलीकडून लगेच उचलला गेला. भिंग सांभाळताना त्यांनी स्पीकर चालू केला होता, त्यामुळे तो खडबडीत, घाबरा आवाज आम्हालाही ऐकू आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. मी बोलतोय."

"मग काल पैसे का नाही आले?"

काकांनी फोन आणखी जवळ ओढला.

"अरे, काल दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते मी. परत करायला काही येईचना. म्हटलं, पडलाबिडला की काय कुठे. बरा आहेस ना?"

"बरा आहे. चुकून दुसऱ्या ताईंना गेले."

"वेंधळा तो वेंधळाच. पाठव आता. परत करते."

"नको ना करूस, ताई."

"बघू," त्या म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. "दाढ काढलीस का ती?"

काका दाढेबद्दल सांगत राहिले आणि मी त्यांच्यासमोरच पैसे परत पाठवले. त्यांनी फोनवर हात ठेवून मला थांबवायचा प्रयत्न केला. "तुमची मोटार... उसने म्हणून तरी ठेवा."

"यातले नकोत, काका. त्या ते परत करायची वाट बघत बसल्यात."

बाहेर आल्यावर मोटारवाल्याला फोन करून सध्या नको म्हणून सांगितलं. गणवेशांचं काय? हातानं चाक फिरवून होतील तेवढे करायचे, उरलेल्यांसाठी शाळेत जाऊन थोडी मुदत मागायची. मागायला काय जातं! असं मनाशी म्हणत मी चालू लागले. बटणचा हात घट्ट धरला. तो चहातल्या साखरेनं चिकट झाला होता.

"आई."

"काय गं?"

"त्या आजीला पैसे नकोत ना?"

"नकोत म्हणते."

"काकांना पण नकोत?"

"त्यांना पण नकोत."

ती थांबली. कपाळाला आठ्या घालून तिनं वर माझ्याकडे पाहिलं.

"आपल्याला हवे होते ना? मग आपणच का दिले?"