वर्गाचा घन

"सगळीकडे फुली!" लोसेनं वही मेलेआनेच्या पुढ्यात टाकली. "वन्सं, तुमचं नि तुमच्या भावाचं गणित होतंय, चपला मात्र माझ्या झिजतायत."

क्षच्या वर्गाचा घन. मेलेआनेनं क्षचा पाचवा घात लिहिला होता. दोन आणि तीन पाच. यात चुकलं काय? उद्या सकाळच्या बोटीनं परीक्षेला जायचं होतं. पास झाली तर नर्सिंगची शाळा, नाहीतर दवाखान्यातल्या चादरी बदलणं, जे ती एकोणीस वर्षं करतच होती. वयाची मर्यादा यंदा संपत होती.

टोंगातल्या या एवढ्याशा बेटावर गणित येणारा माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ, लोसेचा नवरा विलियामी. राहायला समोरच, पंधरा पावलांवर. पण मिसरूड फुटल्यापासून तो बहिणीसमोर कधी बसला नव्हता, तिच्याशी थेट बोलला नव्हता. बहिणीचा मान राखायची तिथली रीतच तशी.

मेलेआने दारापर्यंत गेली, परत बसली, पुन्हा उठली.

"विचार त्याला, बेरीज का नाही?"

लोसे गेली नि आली. "गुणाकार म्हणतो."

"अगं, पण का?"

"मला काय माहीत? मला डुकरं मोजता येतात, तेवढं बास."

"मग पुस्तकात घातांकांची बेरीज करा असं का छापलंय? विचार जा!"

या वेळी लोसे बराच वेळ आली नाही. मेलेआनेनं पेन्सिलीला टोक केलं, मोडलं, पुन्हा केलं.

लोसे आली ती तणतणतच. "माझ्या चटईची पाती! चांगली वाळवून ठेवलेली! एक पातं म्हणजे एक क्ष म्हणे."

तिनं पुढ्यात मांडल्या त्या केतकीच्या पात्यांच्या गाठ मारलेल्या जुड्या होत्या. एकीत दोन, एकीत तीन: वर्ग गुणिले घन. मिळून पाच. शेजारी वेगळ्या ठेवलेल्या तीन जुड्या, प्रत्येकीत दोन-दोन पाती. वर्गच तीनदा घेतलेला.

दोन, चार, सहा.

"अगं बाई, सहावा घात!" ती हसली. मग तिचं लक्ष गाठीकडे गेलं. डावखुऱ्या माणसाची उलटी गाठ. विलियामी उजव्या हाताचा. चार वर्षांचा असताना मासे ओवायला ती गाठ डावखुऱ्या मेलेआनेनंच त्याला शिकवली होती.

"काय सांगू त्याला?" लोसेनं हळूच विचारलं.

मेलेआनेनं लोसेकडेच बघत, पण जरा मोठ्यानं म्हटलं, "म्हणावं, ऋण घातांक राहिलेत."

लोसे पायरी उतरायच्या आतच समोरच्या घरातून कोरडी पाती चरचर फाटल्याचा आवाज आला.