घरच्यांसाठी काढून ठेवलेली पाकिटं

कंबोडियातल्या पायलिनच्या बाजारात सारोमच्या औषधाच्या दुकानाइतकं चालणारं दुकान दुसरं नव्हतं. शिक्षण पाचवीपर्यंतचं, पण कोणत्या दुखण्याला कोणत्या चार गोळ्या एका पुडीत बांधायच्या हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. हल्ली मात्र हिवतापाच्या पाकिटांनी तिची मती गुंग केली होती. माल पुरवणाऱ्या विक्रेत्याच्या पेटीत त्यांच्या दोन तऱ्हा असायच्या. एकावरचा शिक्का फिकट, दुसऱ्यावरचा लखलखीत. खोटा माल सुटलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भिंतीवरचा सरकारी कागद सांगत होता की चमकणारा शिक्का बघून घ्या. मग काय, चमकणारी पाकिटं तिने घरात ठेवली आणि फिकट शिक्क्याची गिऱ्हाइकांना दिली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! सारोम दुष्ट नव्हती. तिच्या जागी तुम्ही तरी काय केलं असतं?

तिची एकुलती एक लेक मालिस जंगलाकडेच्या शेतात कसाव्याचे कंद काढायला गेली आणि हुडहुडी भरून परतली. ताप उतरवायच्या तिकडच्या रीतीप्रमाणे सारोमने तिची पाठ नाण्याने लालेलाल होईस्तोवर घासली, पेज भरवली आणि घरातलं लखलखीत पाकीट फोडलं. तीन दिवस वेळच्या वेळी गोळ्या दिल्या. ताप हटेना.

चौथ्या दिवशी मालिस आईलाच ओळखेना, तेव्हा सारोमने छोर्नला बोलावलं. हा गावातला स्वयंसेवक. बोटातून रक्त काढून तपासायचा आणि फुकट गोळ्या वाटायचा. सारोम त्याला भर बाजारात ‘फुकट्या डॉक्टर’ म्हणायची.

छोर्नने रक्त तपासलं, मग रिकामं पाकीट उन्हात धरलं.

“मावशी, हे कुठलं?”

“माझ्याकडचं सगळ्यात चांगलं. बघ ना शिक्का कसा चमकतोय!”

“अगं, खोटा माल करणाऱ्यांनीही तो भिंतीवरचा कागद वाचलाय. खरा शिक्का एवढा चमकत नाही, हे आम्हाला गेल्याच महिन्यात शिकवलं. ही गोळी नाही, पीठ आहे.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?”

“तू मला पायरी चढू दिलीस कधी?”

आता गोळ्यांनी भागण्यासारखं नव्हतं; सारोम आणि छोर्न मालिसला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून बट्टमबांगच्या मोठ्या इस्पितळाकडे निघाले. अर्ध्या वाटेतच ती गेली.

सारोमने खरं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? जंगलातल्या भुताने नेलं असं लोकच म्हणाले, तिने मान डोलावली. छोर्नही तिच्याकडे बघून गप्प बसला. तिला स्वतःचीच किळस आली होती.

सातव्या दिवसाच्या विधीला आलेले भिक्खू जेवून गेले आणि पाठोपाठ शेजारच्या वाडीतली चेंडा आली. कडेवर वर्षाचं पोर, अंग तापलेलं.

“मावशी, आज यायला नको होतं, कळतं मला. पण याला बघ ना! तू माझ्या घरवाल्याला फिकट शिक्क्याच्या गोळ्या दिल्यास, चार दिवसांत गडी झाडं तोडायला गेला. पण हे लेकरू आहे गं. तू घरच्यांसाठी ठेवतेस ना, त्यातल्या दे.”

 परक्या बाईच्या घरधन्याला सारोमने जगवलं होतं, आणि पोटच्या पोरीला पीठ चारलं होतं.

“त्या खोट्या आहेत,” ती म्हणाली. “मीच मालिसला भरवल्या. फिकट संपल्यात. पोराला छोर्नकडे ने, आत्ता, पळ!”

चेंडाचा चेहरा पडला. “द्यायच्या नसतील तर नाही म्हण, मावशी. मेलेल्या लेकीचं नाव कशाला मध्ये घेतेस? आणि लेकराला त्याच्या फुकटच्या गोळ्या देऊ होय?”

ती तरातरा समोरच्या दुकानात गेली. तिथे लखलखीत पाकिटं दोरीला ओळीने लटकत होती. सारोम डोक्याचं सुतकाचं पांढरं फडकं सावरत अनवाणी मागे धावली, घेऊ नकोस म्हणून ओरडली, पाकीट हिसकायला गेली.

बाजारातल्या दोन बायकांनी तिला धरून पायरीवर बसवलं. दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं, म्हणाल्या. चेंडाने तोवर एक गोळी फोडून पाण्यात कालवली आणि पोराच्या तोंडाला चमचा लावला.