मानवजात आणि बाथरूमची कडी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत चिरंजीवांचं मानवजातीबद्दलचं मत पक्कं झालं होतं: नालायक. युद्धं थांबत नाहीत, भूक मिटत नाही, आणि माणूस करतो काय, तर त्याचीही सवय करून घेतो. अशा आशयाचा निबंध त्यांनी लिहिला होता, नाव 'न सुटलेले प्रश्न'. मोठ्या परिषदेत वाचायला कॉलेजातून एकच निबंध जायचा होता आणि तो निवडणार होते तत्त्वज्ञानाचे सर. सर म्हणाले, "रविवारी तुमच्याच बाजूला येतोय. घरीच बोलू."

चिरंजीवांना एकदम बाथरूम आठवलं. घरच्या बाथरूमला आतून कडी नव्हती.

ती कधीतरी तुटली होती. नवी आणून कपाटाच्या खणात ठेवली होती, म्हणजे घराच्या मते प्रश्न मार्गी लागला होता. तोवर सोय अशी, की आत जाणाऱ्याने आवाज करायचा. आवाज आला तर मागे फिरा, शांत असेल तर खुशाल दार ढकला. आई गाणी म्हणायची, बाबा पाढे, ताई शिट्टी वाजवायची. चिरंजीव नुसते खाकरत, आणि तेही तुच्छतेने.

"सरांना आता गायला सांगायचं का?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय? पाढे तर येत असतील त्यांना," बाबा म्हणाले.

"बाबा, हीच ती सवय! हिच्यावरच तर मी पानंच्या पानं लिहिलीत."

"मग आणखी एक लिहिण्यापेक्षा कडी लाव ना, विचारवंता," ताई म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर पेनासारखाच हातात धरतात. फक्त त्याने काहीतरी होतं."

हे चिरंजीवांना लागलं. रविवारी सकाळी त्यांनी खणातून कडी काढली. बाथरूममध्ये बादली आणि माणूस एकत्र मावत नसत, म्हणून ते बाहेर उभे राहिले, आणि जिथे उभे होते तिथे कडी बसवली. स्क्रू पिळताना डोक्यात मानवाच्या अधोगतीचाच विचार चालू होता. एक स्क्रू वाकडा गेला, त्याचा दोष त्यांनी यंत्रयुगाला दिला.

"अरे, ही तर बाहेरून..." ताई म्हणते आहे तोच बेल वाजली. सर लवकर आले होते. ताई दूध आणायला पळाली.

"निबंधाला धार आहे," सर म्हणाले. "जवळजवळ ठरलंच समज. जरा हात धुऊन येतो."

सर आत गेले. सभ्य माणूस, त्यामुळे गप्प. एवढ्यात बाबा तिथून चालले होते. नवी कोरी कडी बघून त्यांचा ऊर भरून आला. आत शांतता, म्हणजे रिकामं. पोराचं काम कसं झालंय म्हणून त्यांनी कडी सरकवून पाहिली. लोण्यासारखी सरकली. समाधानाने ते झाडांना पाणी घालायला गेले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो! कोणी आहे का?"

टॉवेल घेऊन आलेली आई अदबीने मागे फिरली. "आत आहेत वाटतं."

मग दारावर थापा पडू लागल्या.

"ताल बरा आहे हो सरांचा," बाबा झाडांमधून म्हणाले.

बाहेरच्या खोलीत कागद लावत बसलेले चिरंजीव मात्र खिन्न झाले. न सांगता सरांनीही घराची पद्धत उचलली होती. शेवटी तेही माणूसच!

दूध घेऊन आलेल्या ताईने कडी काढली. सर घामाघूम होऊन बाहेर आले, हात लाल, चष्मा तिरका.

"सर, निबंध?" चिरंजीवांनी विचारलं. शरम हीसुद्धा त्यांच्या मते एक सवयच होती.

"नाही पाठवत. माणूस प्रश्न सोडवत नाही अशी तक्रार आहे ना तुझी? उपकार मान त्याचे. सोडवायला घेतले की काय होतं, ते मी आत बसून पाहिलंय."

सर चहा न घेताच गेले. ताईने कडी काढून खणात ठेवली आणि घर पूर्वपदावर आलं. चिरंजीवांनी मात्र खाकरणं सोडलंय. आत गेले की ते निबंध मोठ्याने वाचतात. परिणाम चांगला आहे: शेवटच्या पानापर्यंत दाराजवळ कोणी फिरकत नाही.