छत्रीखालचा वाटसरू

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. आधी तो पडदा तेवढा ओढून घ्या, या खणाच्या फटीतून येणारं ऊनही मला सोसत नाही. का सोसत नाही, त्याचंच आख्यान आज लावणार आहे.

मी एक जुना जपानी कागद आहे. तुतीच्या सालीपासून झालो आणि लाकडी ठशांनी माझ्यावर एक चित्र उमटलं: नदी, तिच्यावर कमानीचा पूल, तिरपा पाऊस आणि छत्री घेऊन पूल ओलांडणारा एक वाटसरू. एकाने चित्र काढलं. दुसऱ्याने ते चेरीच्या फळ्यांवर कोरलं, प्रत्येक रंगाची फळी निराळी. तिसऱ्याने फळीला रंग लावून मला तिच्यावर पालथं घातलं आणि पाठीवरून घासलं. पुलाला, पावसाला, छत्रीला काजळीच्या शाईची काळी रेघ मिळाली. वाटसरूला मात्र रेघच नव्हती. करडईच्या फुलांच्या लाल रंगाचा तो नखाएवढा ठिपका, एवढंच त्याचं शरीर. छापणाऱ्याचा हात भारी जड. कोरणारा त्याला हसायचा, "अरे, कागद छापतोस की कणीक तिंबतोस?" तो बिचारा मान खाली घालून आणखीच दाबायचा.

मग बोटीतून विलायतेला आलो. कुठे दिवाणखान्यात कौतुक झालं, कुठे माळ्यावर धूळ खाल्ली. शेवटी बर्मिंगहॅमच्या एका म्हाताऱ्या बाईंनी घर आवरताना मला आपल्या डॉक्टरांच्या हाती दिलं. डॉक्टर श्रीनिवास त्यांचं नाव. त्यांच्या पत्नी अनुराधाबाई कीर्तनकाराची लेक. एकादशीला फ्रंट रूममध्ये मैत्रिणी जमल्या की पदर खोचून, झांज घेऊन बाई उभ्या राहत आणि माझ्याकडे हात करत.

"हा बघा जीव! वरून पाऊस, खालून पूर, आधार काय तर एक छत्री. पण पाऊल थांबलं का?"

"अनुराधाताई," त्यांतली रेखा म्हणायची, "निघण्याआधी वेदर अॅप बघायला काय झालं होतं त्याला?"

"ऑन कॉल असेल गं," सोफ्यावरून डॉक्टर म्हणायचे. "माझ्यासारखा. भरलं ताट टाकून निघालेला."

"मग ताट झाकून ठेवणारी कोण, तेही सांगा की!" बाई झांज वाजवत म्हणायच्या आणि सगळी खोली हसायची.

एके दिवशी डॉक्टर गेले, ते कायमचेच. वाटसरूचं तोंड भिंतीवर दाराच्या बाजूला होतं. बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यापुढे यायच्या. "निघालात का हो? मफलर घेतलात?" तो लाल ठिपका आता त्यांचे 'हे' झाला होता.

आता ऐका, घात कुठे झाला. घात तरी कसा म्हणू? इथल्या घरांत ओल फार. माझ्या कोपऱ्याला बुरशीचा वास येऊ लागला. बाईंच्या माहेरी पावसाळा सरला की पोथ्यांना, शालूंना ऊन दाखवायची रीत. विलायतेत ऊन म्हणजे प्रसादच, मिळेल तेव्हा ओंजळ पुढे करायची. लख्ख ऊन पडलं की बाई मला फ्रेममधून काढत आणि गार्डनमध्ये पांढऱ्या चादरीवर निजवत, तोंड आभाळाकडे. "शेकून घ्या हो जरा. केवढी थंडी ही!"

आणि करडईचा रंग उन्हाने उडतो, मित्रांनो. दर उन्हाळ्यात तो थोडा थोडा उडत गेला. मी सांगणार कसा? कागदाला वाचा कुठली? मायेने दिलेलं ऊन मी मुकाट्याने पीत राहिलो. बाईंनाही कळलं नाही, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सगळंच धूसर झालं होतं, त्यात तो मात्र त्यांना दिसतच राहिला.

ऑपरेशनची तारीख आली. ब्रिस्टलहून मुलगी वरदा आली. भिंतीपाशी थबकली. "ओ गॉड," ती पुटपुटली, "किती फेड झालंय हे चित्र. छत्री आहे, पण तो माणूस?" किचनमधून आईचं गुणगुणणं येत होतं. वरदाही माझ्यासारखीच मुकी झाली.

मी देवाचा धावा केला: विठ्ठला, हे ऑपरेशन पुढे ढकल! इथे तारखा एरवी ढकलल्या जातात. हीच नेमकी वेळेवर झाली.

डोळ्यावरचं झाकण निघालं. बाई कप घेऊन माझ्यापुढे आल्या. "निघालात का..."

छत्री होती. छत्रीखाली नुसता पाऊस.

"वरदा, हे कुठे गेले गं?"

"आई, उन्हाने जातो तो कलर. तुला माहीत नव्हतं ना. इट्स नॉट युअर फॉल्ट."

"मीच घालत होते उन्हात. दरवर्षी, मीच."

कप खाली ठेवून त्यांनी मला फ्रेममधून सोडवलं. पुसायचं तर काय, शोधायचं तर कुठे, काही सुचेना म्हणून त्यांनी मला नुसतं उलटं केलं. पाठीवर, इतकी वर्षं फ्रेमच्या पुठ्ठ्याच्या अंधारात राहिलेला, फिकट लाल ठिपका होता. त्या जड हाताने दाबलेला रंग आरपार उतरला होता.

बाईंनी त्याच्यावरून हलकेच बोट फिरवलं. मग त्यांनी मला तसंच उलटं भिंतीशी धरलं. "आधी दाराकडे तोंड होतं ना यांचं? बघ, स्वयंपाकघराकडे वळलेत. भूक लागली असेल." आणि मग त्यांना रडू फुटलं.

आता मी जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून माडीवरच्या कपाटाच्या खणात असतो. त्यांना बघायचं तर उजेड लागतो आणि उजेडाने ते जातील, म्हणून बाई खण उघडत नाहीत. वरून नुसता हात ठेवतात. एकादशीला खालून झांज ऐकू येते. रिकाम्या खिळ्याकडे हात करून त्या माझंच आख्यान सांगतात आणि मला "आहेत हो, इथेच आहेत" एवढंही म्हणता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं चित्र असेल तर त्याला उन्हापासून जपा. माया करा, पण त्याला काय सोसतं तेही कुणाला तरी विचारा. आणि एक मागणं. चित्रकाराची सही माझ्यावर आहे, छापणाऱ्याचं नाव कुठेच नाही. कुठे झांज वाजली, तर मान खाली घालून दाबत राहिलेल्या त्या जड हाताच्या माणसाची तेवढी आठवण काढा.