कोरडा पंचा

गुंटूरच्या मिरची यार्डात कोटय्या मेस्त्रीच्या टोळीची एक रीत होती. लॉरी भरून झाली की सगळ्या हमालांनी खांद्यावरचे पंचे चारचौघांत पिळायचे. ज्याच्या पंच्यातून घाम गळणार नाही, तो कामचोर. त्याची यथेच्छ टिंगल व्हायची आणि पुढच्या लॉरीला त्याच्या वाट्याला दोन पोती जास्त. हा न्याय कोटय्यानेच काढलेला, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

मे महिन्यातल्या त्या दुपारी एडुकोंडलूने पंचा पिळला, तर थेंब नाही.

“अरे वा, जावईबापू!” कोटय्या ओरडला. “सासुरवाडीला आलात की कामाला? आम्ही इथं न्हाऊन निघालो आणि हे बघा, इस्त्री मोडली नाही!”

टोळी खो खो हसली. एडुकोंडलूचे डोळे लाल झाले होते, पण मिरचीच्या खाटात कुणाचे नसतात?

“मेस्त्री, डोकं...” तो जड जिभेने पुटपुटला.

“पोतं पाठीवर घ्यायचंय, डोक्यावर नाही. चल, दोन जास्त!”

पहिलं पोतं त्याने कसंबसं चढवलं. दुसऱ्याला तो लॉरीला लावलेल्या फळीवरच भेलकांडला आणि पोत्यासकट खाली आला.

कोटय्याने हात लावला, तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. आणि त्याला हे माहीत होतं. गेल्याच उन्हाळ्यात दवाखान्यातली बाई यार्डात येऊन सांगून गेली होती, की ऊन लागलेला माणूस बरळतो, झोकांड्या खातो, कधीकधी त्याचा घामच आटतो. तेव्हा पहिल्या रांगेत बसून मान डोलवणारा कोटय्याच होता. मान डोलवायला काय जातं!

“सावलीत ओढा! सदरा काढा! पिंपातलं पाणी ओता अंगावर, वारा घाला!”

टोळीतला पोरगा चिन्नब्बाई ताकाचा तांब्या घेऊन धावला. “पाजू का, मेस्त्री?”

“शुद्धीत नाहीये तो! नरड्यात अडकून जाईल. ठेव तिकडे आणि गाडी बोलव!”

गाडी येईपर्यंत कोटय्याने पाण्याची धार थांबू दिली नाही.

इस्पितळात एडुकोंडलूची बायको नागरत्नम धापा टाकत आली आणि थेट कोटय्याच्या पायांशी वाकली. “अन्ना, तुम्ही होतात म्हणून...”

त्याने पाय मागे घेतले. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं. खरं काय ते ओठांवर आलं होतं, पण तो एवढंच म्हणाला, “रडू नको, अम्मा. बस इथं.” लाजेने मान खाली गेली तरी माणूस आधी स्वतःलाच झाकतो. ती त्याच्या शेजारी बसली, सख्ख्या भावाजवळ बसावं तशी.

डॉक्टर बाहेर आले. “ताप उतरतोय. लगेच गार केलंत, शाबास. पण अजून शुद्ध नाही. उन्हाचा मेंदूला किती मार बसलाय ते सांगता येत नाही. हे सुरू कधी झालं? घाम थांबलेला कुणी पाहिला होता?”

सोबत आलेले हमाल फरशीकडे बघू लागले. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही, असं कोटय्या म्हणाला असता, तर एकानेही तोंड उघडलं नसतं.

“मी पाहिला,” कोटय्या म्हणाला. “तो पडायच्या बराच आधी.”

“मग काय केलंत?”

“हसलो. आणि दोन पोती जास्त दिली.”

नागरत्नम त्याच्या शेजारून उठली आणि पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन एकटीच बसली.