मी चिकटलो ती जागा

मित्रांनो, मी एक काळपट द्राव आहे. दिसायला काढ्यासारखा, मापाला जेमतेम चमचाभर. माझ्यात लोहाचे इतके बारीक कण तरंगतात की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत. ते कधी स्थिर बसत नाहीत. धडकतात, वळतात, पुन्हा पळतात. बसले तर त्यांचा गोळा होऊन तळाशी जाईल आणि मी कामाचा उरणार नाही. म्हणून अस्वस्थ राहणे हाच माझा धर्म.

मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत श्रुतिका नावाच्या संशोधिकेने मला घडवले. लोहकणांवर तिने साखरेच्या जातीचे पातळ आवरण चढवले आणि त्यावर गळासारखे चिमुकले आकडे बसवले. काही कर्करोगाच्या पेशींवर एक खूण दाट असते. माझे आकडे तिलाच अडकतात. मग एमआरआयच्या चित्रात ती जागा काळी दिसते. मी रोग बरा करत नाही. तो कुठे दडला आहे, एवढेच दाखवतो.

माझ्याआधीच्या कितीतरी भावंडांचा गाळ झाला होता. मी मात्र नितळ राहिलो. श्रुतिकाचा सहकारी यज्ञेश कुपी उजेडात धरून म्हणाला, "झकास! हा टिकणार बघ."

"गप रे, दृष्ट लावशील," श्रुतिका म्हणाली, पण हसत होती.

त्यानंतर माझे कुणाला सोयरसुतक उरले नाही. माणसांवर वापरायच्या परवानग्या रखडल्या. मी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहिलो. दार उघडले की वाटे, आली माझी पाळी! पण हात जायचा तो शेजारच्या बाटलीकडे. माझी मुदत सरत चालली होती. आपले आकडे झिजत तर नाहीत ना, या काळजीने मी आतल्या आत घुसळत राहायचो.

अखेर परवानगी आली. श्रुतिकाने मला बर्फाच्या पेटीत ठेवले आणि रिक्षाने अंधेरीच्या एका रुग्णालयात नेले. तिथे मला मथुरा भेटली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली मासे विकणारी बाई. तिची हाक बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायची म्हणे. तो आवाज बसला, तेव्हा तिने ओरडण्याला दोष दिला आणि बरेच महिने घरीच काढले. मग कळले की आवाजाच्या पेटीत गाठ आहे. किरणांचे उपचार झाले. आता तपासणीच्या चित्रात तिथे एक सावली दिसत होती.

"मावशी, तुकडा तपासूनही नक्की कळलं नाही. हा किरणांचा व्रण असू शकतो," डॉक्टर जोॲन म्हणाल्या. "पण गाठ उरली असेल, तर आवाजाची पेटी काढावी लागेल."

"म्हंजे मी मुकी?"

"बोलता येईल, पण हा आवाज नसेल." मग माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे औषध अजून चाचणीत आहे. नको असेल तर नाही म्हणा. तुमचे उपचार थांबणार नाहीत."

मथुराने पेटीत डोकावून पाहिले. "बर्फात आणलीव? ताजी हाय ना?"

श्रुतिकाला हसू फुटले. "ताजी आहे, मावशी."

"मंग टोच, पोरी."

सुईतून मी तिच्या रक्तात शिरलो. रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्यांनी माझे बरेच कण परके म्हणून गिळले. जे उरले ते गळ्यापर्यंत पोचले. त्या सावलीभोवती मी पुन्हा पुन्हा फिरलो. आकडे कुठेच अडकेनात! आनंद व्हायला हवा होता, पण मला धडकीच भरली. तिथे रोगच नाही, की मीच निकामी झालो आहे?

दुसऱ्या दिवशी चित्रे निघाली. बाहेर हाच प्रश्न पडला होता.

"सावलीच्या जागी काहीच काळं नाही," डॉक्टर जोॲन म्हणाल्या. "पण तुझं औषध चाललं, हे कशावरून मानू?"

श्रुतिका चित्रे पुन्हा एकेक करून पाहू लागली. ती नखे कुरतडत राहिली.

"थांब," डॉक्टर एकदम पुढे झुकल्या. "हे काय आहे?"

जिभेच्या मागच्या कडेला एक बारीक काळा ठिपका होता. तिथे कुणी पाहिलेच नव्हते, कारण मथुराला तिथे काही दुखत नव्हते. माझे काही कण मात्र तिथे घट्ट चिकटले होते. डॉक्टरांनी तिथला तुकडा तपासायला पाठवला. रोग निघाला, नवा, अगदी लहान.

मथुराची मुलगी विनिता कोलमडलीच. "आई, अजून एक गाठ गो!"

"सापडली ना?" मथुरा म्हणाली. "मंग रडतेस कनाला?"

मित्रांनो, मी वाईट बातमी आणली, याचे मला फार वाटले. पण त्याच ठिपक्याने माझे आकडे शाबूत असल्याची साक्ष दिली. डॉक्टरांनी सावलीच्या जागेचेही तुकडे पुन्हा तपासले. तो व्रणच होता. जिभेची कड तेवढी काढली. आवाजाची पेटी राहिली.

माझे आवरण आता विरघळले, आकडे गळून गेले. लोह मथुराच्या शरीराने ठेवून घेतले आणि त्याचे रक्त केले. पुन्हा टोपली घेऊन बसली, त्या सकाळी तिने हाक दिली. आवाज घोगरा होता, 'सुरमई'तला 'सु' जिभेवर अडखळला; पण दोन गिऱ्हाइके वळली आणि तिच्या छातीत मी केवढ्याने उसळलो! अजून दर तपासणीला तिची नाडी धावते, आणि तिच्याबरोबर मीही.

मित्रांनो, घरात कुणाचा आवाज बसला आणि आठवडे उलटूनही सुटला नाही, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. तो चिडेल, टाळेल, काही झालं नाही म्हणेल, तरी न्या. वाईट बातमी लहान असते, तेव्हाच तिला गाठा.