पाळणाघरातली बैठक

मंडईत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी नगरपालिका धोरण आखणार होती. त्यासाठी समाजाच्या सगळ्या घटकांनी एकत्र यायचं ठरलं, आणि त्यांना जागा सापडली ती मंडईवरच्या मावशींच्या पाळणाघराची. मग मुलांना जिन्यावर बसवण्यात आलं आणि त्यांचं भलं करणारे बूट घालूनच आत शिरले.

मावशींनाही दाराजवळची एक खुर्ची मिळाली होती. तिथून त्या एकेकाला न्याहाळत होत्या. नगरपालिकेचे साहेब बोलले की व्यापारी संघाचे शेठ मान डोलवत, शेठ बोलले की समाजसेवी संस्थेच्या ताई वाहवा करत, आणि प्राध्यापक तेच सगळं पुन्हा अवघड करून सांगत. एकमेकांची पाठ थोपटायला इतकी माणसं लागतात, हे मावशींना ठाऊक नव्हतं. मुलांबद्दल अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता. खोली मात्र सगळ्यांच्या मनात भरली. हवेशीर होती, रस्त्याला लागून होती. या सगळ्यांची मिळून समिती व्हावी आणि तिचं कायमचं कार्यालय इथंच करावं, असा ठराव साहेबांनी मांडला. माना डोलल्या.

“मग मुलांनी कुठं जायचं?” मावशींनी विचारलं.

“तो विषय पुढच्या बैठकीत घेऊ,” ताई गोड हसल्या. “तुमचं मत आम्हाला फार मोलाचं आहे, मावशी.”

मावशी उठल्या. मुलांची झोपायची वेळ झालीच होती. त्यांनी खुर्च्यांच्या मधूनमधून सतरंज्या अंथरल्या आणि मुलांना आत आणून आडवं केलं. सगळ्यात तान्हं होतं ते दारातच निजवलं. समितीनं निमूट पाय वर घेतले. ताईंनी फोटोही काढून घेतला.

थोड्या वेळानं शेठना भूक लागली. ते उठायला लागले तशा मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “जपून हं शेठ. एक उठलं की सगळी गळा काढतात, मग तुम्हालाच कडेवर घ्यावी लागतील. कार्यालय झालं तरी मुलं इथंच निजणार. मी कुठं नेऊ त्यांना?”

शेठनी दाराकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“द्या हो हिची खोली हिला,” ते कुजबुजले. “रोज असं अडकून कोण बसणार? जेवण खोळंबलंय.”

साहेबांनी तिथल्या तिथे ठराव मागे घेतला. ताईंनी लगेच मान डोलवली. प्राध्यापकांनाही एकाएकी सांगण्यासारखं काही उरलं नाही. मुलांची कणव कुणालाच आली नव्हती. पोटात कावळे ओरडले आणि समाजाच्या सगळ्या घटकांचं एकमत झालं. बूट काढून हातात धरून, तान्ह्याला ओलांडत, ते एकामागून एक बाहेर पडले.

त्यांची पाठ वळताच मावशींनी त्यांच्या खुर्च्या एकेक करून उचलून बाहेर ठेवल्या.